पाण्याची डिग्री

साबणाची वडी ठेवली तशी वाटी खाली गेली. फार नाही, अर्ध्या बोटाएवढी. बादलीतल्या पाण्यावर स्टीलची वाटी तरंगत होती, शिवकन्येनं सवयीनं तिच्यात साबण ठेवला, वाटी जराशी डगमगली, पाण्याची रेघ तिच्या काठाकडं सरकली आणि तिथंच थांबली. बीडमध्ये नळाला पाणी येऊन सहा दिवस झाले होते. अंघोळीला अर्धी बादली, हा घरमालकीण भामाबाईंचा नियम होता आणि त्या अर्ध्या बादलीतला एकही तांब्या वाया घालवायचा नाही, हा शिवकन्येचा स्वतःचा. तरी ती रिकामा तांब्या हातात धरून तशीच बसून राहिली. तिनं साबण उचलला. वाटी वर आली. पुन्हा ठेवला. वाटी खाली गेली. न्हाणीच्या पत्र्याला एक भोक होतं, त्यातून संध्याकाळच्या उन्हाची एक तिरीप नेमकी वाटीच्या काठावर पडली होती आणि वाटी वरखाली होईल तसा तिचा ठिपका भिंतीवर वरखाली होत होता. सकाळपासून अंगात कुठंतरी टोचत असलेलं कुसळ एकदम बोटाला लागावं तसं तिला कळलं, की आज आपण एका सहा वर्षांच्या पोरीला हसलो आणि ती पोरगी बरोबर होती. निदान निम्मी तरी.

"काय गं, पाणी मोजायलीस का?" बाहेरून भामाबाईंचा आवाज आला. "येवढा येळ तर आमच्या लग्नातबी नव्हता लागला न्हायला."

"आले मावशी," ती म्हणाली, पण हललीच नाही. सकाळ पुन्हा पहिल्यापासून बघायला हवी होती. प्रयोगात उत्तर वेडंवाकडं आलं की वहीत मागं मागं जावं, कुठल्या ओळीत हात घसरला ते शोधावं, तसं.

सकाळी ती नेहमीसारखी सातच्या गाडीनं नेकनूरच्या पुढच्या फाट्यावर उतरली होती आणि तिथून मैलभर चालत छावणीवर गेली होती. सलग दुसरं वर्ष कोरडं गेलं तेव्हा आसपासच्या गावांच्या सहकारी दूध संस्थेनं जनावरं जगवण्यासाठी माळावर छावणी उघडली. जनावरांमागं माणसं आली आणि माणसांमागं लेकरं. लेकरांचं काय करायचं, असं संस्थेच्या बैठकीत कुणीतरी विचारलं, तेव्हा चेअरमन सुंदरराव म्हणाले होते म्हणे, "आठशे जनावरांला दावण केली, सत्तावीस लेकरांला येक सतरंजी घाला की." ती सतरंजी म्हणजे शाळा. वर उसाच्या पाचटाचं छप्पर, मागं कडा गावाकडून ट्रकनं आलेल्या उसाची गंजी आणि पुढं बी.एस्सी. होऊन दीड वर्ष घरी बसलेली, वडवणीची शिवकन्या. पोरांची पाठ्यपुस्तकं आपापल्या गावच्या शाळेत कुलपाआड राहिली होती. शिवकन्येजवळ पुस्तक होतं एकच. औरंगाबादच्या एका शिबिरात मिळालेलं, अठरा पानांचं, चित्रांचं. त्यात अक्षर एकही नव्हतं. नदीकाठचं एक घर, घरातली चार माणसं नावेत भोपळे भरतात, पलीकडच्या काठावरच्या बाजाराला जातात, भोपळे विकतात, आणि येताना एक शेळी घेऊन परत येतात. एवढीच गोष्ट.

या एवढ्याशा गोष्टीतून सगळे विषय शिकवता येतात, असं शिबिरात कुणी तिला सांगितलं नव्हतं. ते तिनं स्वतः शोधलं होतं आणि त्याचा तिला मनातल्या मनात अभिमान होता. आलेखाच्या कागदावर तिनं एक तक्ता केला होता. आडव्या ओळी पानांच्या, उभे रकाने विषयांचे. पान तीन, गणित: भोपळे तेवीस. पान सात, भाषा: बाजारातली म्हातारी टोपलीवाल्याला काय म्हणत असेल? पान नऊ, परिसर: सावल्या कुठल्या बाजूला पडल्यात, मग किती वाजले असतील? गाणी, चित्रं, घड्याळ, नातीगोती, सगळं त्या अठरा पानांतून निघत होतं. कुणाला वाचता येवो न येवो, चित्र सगळ्यांना वाचता येत होतं. पोरं पुस्तकाभोवती गुळाभोवती मुंग्या जमाव्यात तशी जमत आणि दोन महिन्यांत त्या पुस्तकातला कुत्रादेखील त्यांच्या ओळखीचा झाला होता. शिवकन्येनं त्यातली प्रत्येक वस्तू मोजून ठेवली होती. कोंबड्या, मडकी, कावळे, सगळं धरून दोनशे बारा. फक्त नावेच्या पानांसमोर, शास्त्राच्या रकान्यात, तिनं 'लाकूड तरंगते' एवढे दोनच शब्द लिहिले होते आणि पुढं गेली होती. शास्त्र तिचा विषय, म्हणून तिथं कदाचित तिनं सगळ्यात कमी बघितलं होतं.

आज चौथं पान उघडलं होतं. जाणारी नाव. "काय दिसतं?" असं विचारून ती पोरांच्या तोंडाकडं बघत होती. नदी कुणी धड पाहिलेली नव्हती, नाव तर नाहीच. तेवढ्यात मागच्या रांगेतून सत्यभामा उठली. सटवा धनगराची ही पोरगी, डोक्याला मोठ्या भावाचा मफलर, एरवी बोलायची कमीच. ती पुढं आली, तिनं अंगठा चौथ्या पानात घातला, पुस्तक उलटलं, अकरावं पान काढलं, परत येणारी नाव, आणि मग पुन्हा चौथं. तिच्या नखात वैरणीची काडी अडकलेली होती. नावेच्या अंगावर एक तांबडा पट्टा रंगवलेला होता. त्या पट्ट्यावर तिनं बोट ठेवलं.

"जाताना डिग्री उतरलीया," ती म्हणाली, "अन् येताना चढलीया. जायच्या पाण्यात पानी घातलंय, बाई."

छावणीत डिग्री म्हणजे दूध तपासायची काच. संस्थेच्या तंबूत सेक्रेटरी राधाकिशन रोज सकाळ-संध्याकाळ प्रत्येकाचं दूध उभ्या मापात ओतायचा आणि ती काचेची कांडी त्यात सोडायचा. कांडी वर तरंगली की दूध चांगलं, खाली बुडाली की त्यात पाणी. कांडीवरच्या आकड्याला डिग्री म्हणत आणि कांडीलाही डिग्रीच. शिवकन्येला हे सगळं ठाऊक होतं. पण 'पाण्यात पानी' हे शब्द ऐकल्यावर पोरांत हसू फुटलं आणि त्या हसण्याच्या लाटेबरोबर तीही हसली. वाईट नव्हती हसली. प्रेमानंच हसली. "अगं वेडे, पाण्यात कुणी पाणी घालतं का? बस खाली," असं म्हणाली. आणि मग बंकट, छावणीतल्याच आप्पारावांचा नातू, मान वर न करताच बोलला, "हिच्या आयनं घातलं आसंल. त्यांच्यात समदं पानीच निघतंय." हसू पुन्हा फुटलं, पण आता ते वेगळं होतं. चार दिवसांपूर्वी सत्यभामेच्या आईची किटली राधाकिशननं भरल्या रांगेसमोर परत केली होती, सव्वीस लागते ती डिग्री तेवीसच भरली म्हणून. शिवकन्येनं बंकटला दटावलं, पान उलटलं, भोपळे मोजायला घेतले. सत्यभामा जागेवर जाऊन बसली आणि सुट्टी होईपर्यंत तिनं तोंड उघडलं नाही. भोपळे मोजतानासुद्धा तिचे ओठ हलत नव्हते.

अंग पुसून शिवकन्या खोलीत आली आणि तिनं पुस्तक काढलं. पोरीनं दाखवलं होतं तसं केलं. चौथं पान, अकरावं, पुन्हा चौथं. जाताना तांबडा पट्टा निम्मा पाण्याखाली होता. येताना तो पुरता वर होता आणि त्याच्याखाली लाकडाची एक पिवळी कड दिसत होती. दोनशे बारा वस्तू मोजणाऱ्या तिला दोन महिन्यांत हे दिसलं नव्हतं. आणि पोरीचा तर्क? पातळ पाण्यात नाव खाली जाते, दाट पाण्यात वर येते. हे खरं होतं. नदीतून समुद्रात जाणाऱ्या जहाजाचं असंच होतं, कॉलेजात दुसऱ्या वर्षाला तिनं याची गणितं सोडवली होती, पानंच्या पानं. पोरीनं तोच नियम किटलीच्या रांगेत उभं राहून डोळ्यांनी उचलला होता आणि आयुष्यात न पाहिलेल्या नदीला लावला होता. तिचं चुकलं होतं ते एवढंच, की नाव खाली जायला दुसरंही कारण असतं. नावेतले भोपळे. वाटीतला साबण. पण दोन कारणांतलं एक सांगणाऱ्याला चूक म्हणायचं की बरोबर?

तिला वडवणीची शाळा आठवली. तिसरीचा वर्ग, गुरुजी भले, कधी छडी न उगारणारे. सावली कशी असते, असं त्यांनी विचारलं होतं. काळी, गार, लांब, आखूड, पोरं सांगत होती. शिवकन्येनं हात वर केला आणि म्हणाली, "सावलीला वास असतो." वर्ग हसला. गुरुजीही हसले, पोट धरून नव्हे, मायेनंच, आणि म्हणाले, "आमची शिवकन्या कविता करायची बघा पुढं." तिच्या दारात कडुनिंब होता. चैत्रात त्याच्या सावलीत गेलं की मोहोराचा कडू-गोड वास यायचा आणि उन्हात पाऊल टाकलं की तो जायचा. एवढं साधं निरीक्षण होतं ते. तिनं पुढं वर्षभर हात वर केला नव्हता. कुणी रागावलं असतं तर ती भांडली असती कदाचित. मायेच्या हसण्याशी भांडता येत नाही. त्याच्यापुढं फक्त गप्प बसता येतं. आणि आज तेच हसू आपल्या तोंडातून निघालं, अगदी तसंच, मायेचं, हे कळलं तेव्हा तिला स्वतःचा राग आला नाही, नवल वाटलं. ते इतकी वर्षं आपल्यात कुठं राहत होतं?

दुसऱ्या दिवशी गाडीत तिनं ठरवून टाकलं होतं, की सत्यभामेला उभं करायचं आणि सगळ्यांसमोर सांगायचं. पण सतरंजीवर सव्वीसच पोरं होती. शिवकन्येनं पुन्हा मोजली. एक पोरगी शाळेत आली नाही, एवढीच गोष्ट, छावणीत रोज कुणी ना कुणी येत नसे. पण ही का आली नाही ते तिला माहीत होतं आणि ती एकदा गप्प बसायला शिकली तर किती वर्षं गप्प बसेल, तेही थोडंफार माहीत होतं. बाकी काही नाही झालं तरी चालेल, ती बोलायला हवी. मधल्या सुट्टीत ती दावणीच्या तिसऱ्या ओळीतल्या सटवाच्या छपराकडं गेली. सत्यभामेची आई विमलबाई उसाचे वाढे कोयत्यानं बारीक करत होती. तिनं मान वर केली नाही.

"सत्यभामा कुठंय?"

"हाय की. वासराजवळ."

"शाळेत नाही आली."

"काय करायचं येऊन? हितंबी दुदाचंच बोलनं, तितंबी दुदाचंच." कोयता दोनदा पडला. मग ती थांबली. "बाई, तुमी शिकल्याल्या. मला येक सांगा. टँकरच्या दोन घागरी मिळत्यात दिसाला. त्यातली येक गाय पिती. मंग मी दुदात घालाया पानी आनू कुटून? अन् कावून घालीन मी?"

"तुम्ही घातलं असं मी कधीच म्हणाले नाही, विमलबाई."

"तुमी हसलाव म्हनं."

गाईच्या पलीकडं वासराला टेकून सत्यभामा उभी होती. शिवकन्या वाकून दाव्याखालून तिकडं गेली आणि शेणानं ओल्या जमिनीवर उकिडवी बसली. वासराला दुधाचा आणि उसाच्या रसाचा असा आंबूस वास येत होता. "सत्यभामा," ती म्हणाली, "काल मी चुकले. तू बघितलंस ते खरं आहे. नाव खाली गेलीय. मी दोन महिने ते पुस्तक बघतेय, मला नव्हतं दिसलं." पोरगी वासराच्या कानामागं खाजवत राहिली. "का खाली गेली, ते मात्र अजून बघायला पाहिजे. उद्या सकाळी आपण सगळे डिग्रीजवळ जाऊ. पुस्तक तू धरायचंस."

"डिग्रीपशी नका न्हिऊ तिला," विमलबाई म्हणाली. "किटली तिच्याच हातात हुती त्या दिशी. समद्या रांगंतून मागारी आली पोर, खाली मुंडी घालून."

छपराच्या मेढीला टेकून सटवा भाकरी खात होता. इतका वेळ तो तिथं आहे हे शिवकन्येच्या ध्यानातही आलं नव्हतं. घास गिळून तो म्हणाला, "जाऊ दी की. डिग्री काय वाघ हाय का? काचच हाय." मग शिवकन्येकडं न बघता, "मीबी येतो. गाय घिऊन."

सकाळी दूध घालायची रांग तंबूबाहेर लांबवर गेली होती आणि तिच्या शेजारून सत्तावीस पोरांची दुसरी रांग चालली होती. सत्यभामा आली होती. पुस्तक छातीशी धरून ती सगळ्यात मागं चालत होती, बोलत मात्र नव्हती. तंबूत राधाकिशन उभा. गोल चष्मा, इस्त्रीचा शर्ट, तपासायची काच फडक्यानं पुसत होता. माणूस चोख म्हणून नावाजलेला होता आणि तो तसा होताही.

"बाई, शाळा हिकडं आणली का आज?"

"तुमच्या डिग्रीवर धडा आहे, राधाकिशनभाऊ. एक विनंती होती. सटवाच्या गाईची धार इथं, सगळ्यांसमोर काढू. आणि तुम्ही ती तपासा."

राधाकिशनच्या कपाळाला आठी पडली. "मी काच बगतो, बाई. माणूस बगत न्हाई. माझं कुनाशी वाकडं न्हाई."

"म्हणूनच तुम्हीच तपासा."

रांगेतल्या लोकांना हे बरंच वाटलं. किटल्या खाली ठेवून ते सरकून उभे राहिले. सटवानं गाय आणली, विमलबाई बसली, कोरड्या किटलीत धारांचा आवाज आधी चरचर आणि मग फेसातून दबका येऊ लागला. धार संपली, फेस बसेपर्यंत सगळे थांबले. राधाकिशननं दूध मापात ओतलं, काच अलगद सोडली. ती खाली गेली, वर आली, डुचमळली, स्थिर झाली. त्यानं चष्मा वर केला आणि पुन्हा खाली घेतला.

"तेवीस," तो म्हणाला. आणि मग स्वतःशीच, "पानी न्हाई अन् तेवीस?"

"मंग गाईनंच घातलं आसंल," आप्पाराव रांगेतून म्हणाले. "आता गाईला नोटीस काडा, शेक्रेटरी."

लोक हसले. राधाकिशन हसला नाही. "यंदा चाऱ्यात दम न्हाई," तो म्हणाला. "निस्त्या उसावर जनावर दूद देऊन देऊन काय देनार? समद्याचीच डिग्री उतरलीया. म्हशीवाल्यांची तिसावरची सत्ताविसाला आली, ती चालून जाती. हिची गाय आदीच काठावर."

हे कारण बरोबर असू शकत होतं. शिवकन्येनंही आदल्या संध्याकाळी वहीत तेच लिहिलं होतं, चारा, आणि पुढं प्रश्नचिन्ह. तेवढ्यावर थांबता आलं असतं. पण तिनं पोरांना मापाभोवती अर्धगोलात बसवलं आणि सत्यभामेला म्हणाली, "चौथं पान काढ." पोरीनं काढलं. "परवा सत्यभामा म्हणाली, जाताना नाव खाली आहे आणि येताना वर आहे. मी तिला चूक म्हटलं. चूक माझी होती. हे आपल्या कुणालाच दिसलं नव्हतं, मलासुद्धा नाही. तिलाच दिसलं." बंकटनं मान खाली घातली आणि पायाच्या अंगठ्यानं माती उकरायला लागला. "आता सांगा, नाव खाली कशामुळं जाते? पाणी पातळ असलं तर जाते, समुद्राच्या दाट पाण्यात वर येते. आणखी कशामुळं?"

पोरांनी एकमेकांकडं बघितलं. उत्तर शिवकन्येच्या जिभेवर होतं. ते तिनं दाताखाली धरलं. सटवाची गाय फुरफुरली, मापातल्या दुधावर माशी घोंघावली, राधाकिशननं फडकं हलवलं. सत्यभामा पुस्तकाकडं बघत होती, मग मापाकडं, मग पुन्हा पुस्तकाकडं. तिचा अंगठा अकराव्या पानात होताच.

"भोपळे," पोरगी म्हणाली.

"काय?"

"जाताना नावंत भोपळे हायत. येताना न्हाईत." मग पुस्तक मांडीवर ठेवून तिनं मापातल्या काचेकडं बोट केलं. "तिच्याबी गळ्यात हाय की. नाडा."

सगळ्यांच्या नजरा तिकडं गेल्या. काचेच्या कांडीच्या वरच्या टोकाला, दुधाच्या बाहेर राहणाऱ्या निमुळत्या गळ्याला, तांबड्या-पिवळ्या सुताचा नाडा तीन वेढे देऊन बांधलेला होता. त्याच्यावर हळदकुंकवाचा वाळका थर होता, दुधाचे शिंतोडे बसून बसून तो कडक झाला होता. तो सगळ्यांनी रोज पाहिलेला होता. शिवकन्येनंही पाहिलेला होता. नांगरावर, कोयत्यावर, एस.टी.च्या स्टिअरिंगवर, शिलाई मशीनवर असतो तसा तो होता आणि तो तिथं असणं इतकं रास्त होतं की तो दिसतच नव्हता.

"खंडेनवमीचा हाय त्यो," राधाकिशन म्हणाला. "हत्याराची पूजा करतो आपन. माझं हत्यार ही काच." बोलता बोलता त्याचा आवाज हळू झाला. खंडेनवमी म्हणजे दसऱ्याचा आदला दिवस.

"राधाकिशनभाऊ," शिवकन्येनं विचारलं, "डिग्री कधीपासून उतरलीय?"

त्यानं चष्मा काढला, पुसला, घातला. "दसऱ्यापसून," तो म्हणाला. "मला वाटलं, चाऱ्यानं."

"काढून बघू या?"

"असा काडत नसतेत, बाई. आपसूक तुटल तवा तुटल."

"तवर सटवाच्या गाईला थांबाया सांगा म्हंजे झालं," आप्पाराव म्हणाले.

राधाकिशन काचेकडं बघत उभा राहिला. तो चोख माणूस होता आणि मापाचा आणि पूजेचा, अशा त्याच्या दोन चोखपणांची आता आपसांतच गाठ पडली होती. शिवकन्येला त्याच्याविषयी एकदम आपुलकी वाटली. वाटीतल्या साबणाचं नवल तिला परवाच वाटलं होतं. त्याला ते आता, इतक्या लोकांसमोर वाटायचं होतं. "हे लिटरचं मापही तुमचंच हत्यार," ती म्हणाली. "नाडा त्याच्या कडीला बांधा. पूजा मोडायची नाही, जागा बदलेल फक्त."

त्यानं काच बाहेर काढली. गाठ सुटेना, ती दुधानं वाळून दगड झाली होती. शेवटी विमलबाई पुढं आली आणि तिनं नखानं ती एक एक धागा उकलून सोडवली. राधाकिशननं नाडा कपाळाला लावला, लिटरच्या मापाच्या कडीला बांधला, काच कोमट पाण्यात बुचकळून पुसली आणि पुन्हा त्याच दुधात सोडली. ती खाली गेली, वर आली, डुचमळली. पोरं माना पुढं काढून बघत होती. बंकट तर गुडघ्यावर उभा राहिला होता.

"सव्वीस," राधाकिशन म्हणाला. मग वाकून, डोळा दुधाच्या रेषेत आणून, "सव्वीस अन् वर." त्यानं किटली दोन्ही हातांनी उचलली आणि दूध स्वतः कॅनमध्ये ओतलं. विमलबाईकडं बघून काहीतरी बोलायला त्यानं तोंड उघडलं, पण तेवढ्यात रांगेतून आवाज आला, "आमचंबी आता नव्यानं बगा बरं का, शेक्रेटरी," आणि दुसरा, "आन् मागल्या महिन्यात ज्यांचं दूद मागारी गेलं त्यांच्या गाईलाबी बोलवा," आणि तंबूत एकच गलका झाला. विमलबाईनं रिकामी किटली घेतली, पदरानं तिची कड पुसली. जाता जाता पोरीच्या डोक्यावरचा मफलर तिनं उगाचच नीट केला.

पोरं सतरंजीवर परतली तेव्हा ऊन पाचटातून गळून पुस्तकावर ठिपके ठिपके पडलं होतं. शिवकन्येनं आलेखाचा कागद काढला आणि 'लाकूड तरंगते' याच्या पुढं बारीक अक्षरात लिहिलं, डिग्री. त्या शब्दासमोर कंसात भोपळे आणि नाडा असं लिहावं की नको, याचा ती विचार करत होती. तिला बरं वाटत होतं, भूक लागली असताना चुलीवरच्या भाकरीचा वास यावा तसं. पलीकडं पोरांनी सत्यभामेला मधे घेतलं होतं आणि बंकट तिला विचारत होता, "मंग समुद्राची डिग्री किती आसंल गं?" ती त्याला उत्तर देत नव्हती. ती अकराव्या पानावर वाकली होती. मग ती उठून शिवकन्येकडं आली.

"बाई, येताना शेळी घेतलीया त्यांनी."

"हो. एक शेळी."

"गाभण हाय. तिचं पोट बगा." पोरीनं बोट ठेवलं. तक्त्यात शिवकन्येनं 'शेळी एक' लिहिलं होतं, बाकी काही नाही. "अशी शेळी लई जड आसती. मला तर उचलत न्हाई. भोपळे गेले, पन शेळी आली की. मंग नाव येवडी वर कशी आली?" ती थांबली, आणि मग जरा चाचरत, पण शिवकन्येच्या डोळ्यांत बघत म्हणाली, "जायच्या पाण्यात थोडं तरी पानी घातलंच आसंल, बाई."

तेवीस भोपळे किती वजनाचे आणि गाभण शेळी किती वजनाची, हे शिवकन्येला माहीत नव्हतं. चारा मोजायचा काटा दावणीच्या टोकाला होता आणि शेळ्या सटवाकडं पाच होत्या. तिनं दप्तरातून फूटपट्टी काढून पोरीच्या हातात दिली.

"आधी पट्टा मोज," ती म्हणाली. "दोन्ही पानांवरचा."